प्रस्तावना : बेन श्नायडरमन आणि पीएच.डी.चा अर्ज

इंजिनिअरिंगला 'ह्यूमन कम्प्युटर इंटरफेस' किंवा त्या धर्तीचा ऐच्छिक विषय घेतलेल्या मुलांना आठ सुवर्णनियम पाठ असतात. पडद्यावर सगळीकडे एकसारखेपणा ठेवा, वापरणाऱ्याने काही केलं की त्याची पोच द्या, चुकलं तर मागे फिरता येऊ द्या, त्याच्या स्मरणशक्तीवर ओझं टाकू नका, वगैरे. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आठही नियम एकेका उदाहरणासह लिहिले की काम झालं. हे नियम ज्यांच्या 'डिझायनिंग द यूजर इंटरफेस' या १९८६ सालच्या पुस्तकातून आले, ते बेन श्नायडरमन कोण, कुठे शिकवत होते आणि मुळात हे नियम त्यांना सुचले कशावरून, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याला मार्क नसतात.

यांपैकीच काही मुलांना दोन-चार वर्षांनी याच विषयात पीएच.डी. करावीशी वाटते. मग चौकशा सुरू होतात. किती टक्के लागतात? गेट द्यावी की नेट? अमेरिकेत जीआरई अजून मागतात का? मास्टर्स नसेल तर चालतं का? प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरं या पुस्तकात जागोजागी दिलेली आहेत. पण प्रवेशाच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बसून माझं असं मत झालं आहे की पात्रता ही एक गोष्ट आणि प्रवेश ही दुसरी, आणि आपली मुलं सगळी ताकद पहिलीवरच खर्च करतात. पात्रता कागदावर सिद्ध होते. प्रवेश मात्र तुमच्याजवळ शोध घेण्याजोगा प्रश्न आहे का, यावर ठरतो. असा प्रश्न कसा दिसतो आणि कुठून येतो, हे दाखवायला श्नायडरमन यांच्या कारकिर्दीइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. म्हणून टक्केवारीकडे वळण्याआधी ती कारकीर्द.

श्नायडरमन यांचा जन्म १९४७ चा, न्यूयॉर्कमधला. १९६८ साली तिथल्या सिटी कॉलेजातून त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि पुढे लाँग आयलंडवरच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात संगणकशास्त्राकडे वळले. १९७३ साली तिथून पीएच.डी. झाले, त्या विद्यापीठाने संगणकशास्त्रात दिलेली ही पहिली पीएच.डी. प्रबंध डेटा स्ट्रक्चर्सवर होता. म्हणजे ज्या विषयाच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतलं जातं, त्या विषयातली पदवी त्यांच्याकडे नाहीच. असणार कुठून? तेव्हा तो विषयच नव्हता. हाच अर्ज आजच्या एखाद्या छाननी समितीपुढे आला असता, तर 'संबंधित शाखेतील पदव्युत्तर पदवी' या रकान्यापाशी कारकुनाचं पेन अडलं असतं.

विद्यार्थी असतानाच त्यांनी आयझॅक नासी या सहाध्यायाबरोबर फ्लोचार्टला एक पर्याय काढला. नेहमीच्या फ्लोचार्टात बाण कुठूनही कुठेही जातो. या दोघांनी चौकटीत चौकट बसवत नेणारी अशी आकृती मांडली की तिच्यात 'गोटू' या आज्ञेची कुठूनही कुठेही जाणारी उडी मारताच येऊ नये. लेख एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मुख्य नियतकालिकाकडे गेला आणि परीक्षकाच्या बोचऱ्या शेऱ्यांसह परत आला. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तो 'सिगप्लान नोटिसेस'मध्ये छापला गेला. नासी-श्नायडरमन आकृती पुढे जगभर शिकवली गेली; जर्मनीत तर तिच्यासाठी राष्ट्रीय मानक निघालं. नकाराचं ते पत्र श्नायडरमन यांनी जपून ठेवलं आणि कालांतराने लोकांना वाचायला खुलंही केलं. पहिला पेपर परत आला म्हणून पंधरा दिवस तोंड पाडून बसणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही हकीकत सांगत असतो.

पण खरी गंमत त्यापुढची आहे. ते इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. तिथे त्यांची गाठ रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाशी पडली. फ्लोचार्ट काढल्याने प्रोग्रॅम लिहायला, समजायला, दुरुस्त करायला मदत होते, असं तेव्हा प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगत होतं. होते का खरंच? श्नायडरमन, मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे गट पाडले. काहींना फ्लोचार्टसह काम दिलं, काहींना फ्लोचार्टविना, आणि मोजलं. एकामागून एक प्रयोग झाले आणि सांख्यिकीच्या कसोटीला उतरेल असा फरक एकदाही सापडला नाही. १९७७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तोही पूर्वी नकार देणाऱ्या त्याच नियतकालिकात. आपल्याकडच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मुलं आधी प्रोग्रॅम चालवून घेतात आणि मग सबमिशनपुरता फ्लोचार्ट काढतात. त्यांना हे आतून ठाऊकच असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. शिवाय ज्याचं नाव एका आकृतीला चिकटलेलं आहे, त्यानेच आकृत्यांच्या उपयोगाबद्दल शंका घ्यावी, यालाही थोडी हिंमत लागते.

एचसीआय, म्हणजे ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शन, या विषयाचं बीज मला इथे दिसतं. त्या काळी प्रोग्रॅम किती वेगाने चालतो, किती मेमरी खातो, हे काटेकोरपणे मोजलं जाई. तो चालवणाऱ्या माणसाची बाब आली की मात्र 'आम्हाला वाटतं' एवढ्यावर भागत असे. श्नायडरमन आणि त्यांच्या पिढीने मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतली शिस्त संगणकाच्या खोलीत आणली. १९७६ साली ते वॉशिंग्टनजवळच्या मेरीलँड विद्यापीठात गेले आणि पुढची सगळी कारकीर्द तिथेच झाली. १९८० साली त्यांचं 'सॉफ्टवेअर सायकॉलॉजी' आलं. १९८२ च्या मार्चमध्ये मेरीलँडमधल्याच गेथर्सबर्गला माणूस आणि संगणक यांच्या संबंधावर एक परिषद भरली. तिला नऊशेच्या आसपास माणसं लोटली आणि आपण एकटे नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. 'काय' या नावाने ओळखली जाणारी या विषयाची मुख्य वार्षिक परिषद त्यातूनच १९८३ पासून सुरू झाली. त्याच वर्षी श्नायडरमन यांनी मेरीलँडमध्ये 'ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शन लॅब' स्थापन केली आणि २००० सालापर्यंत ते तिचे संचालक होते.

१९८३ सालचाच त्यांचा 'डायरेक्ट मॅनिप्युलेशन'वरचा लेख. फाइल पुसायची तर आज्ञा टाइप करायची, हा तेव्हाचा रिवाज. त्याऐवजी वस्तू डोळ्यांसमोर दिसावी, तिला हाताने हलवता यावं, परिणाम लगेच दिसावा आणि नको असेल तर तो उलटवता यावा, असं त्यांचं म्हणणं. असे पडदे त्यांनी शोधले नव्हते. आयव्हन सदरलंड यांचं स्केचपॅड १९६३ चं, झेरॉक्सचा स्टार १९८१ चा. श्नायडरमन यांनी विखुरलेल्या उदाहरणांतलं समान सूत्र ओळखलं, त्याला नाव दिलं आणि ते का चालतं हे सांगितलं. संशोधन म्हणजे काहीतरी अगदी नवं बनवणं, अशी समजूत करून आलेले विद्यार्थी या प्रकारच्या कामाला कमी लेखतात. मला ते निम्म्याहून अधिक संशोधनाचं काम वाटतं.

आता एक लहान गोष्ट जरा जवळून पाहू, कारण अर्जात लिहायचा प्रश्न केवढा असावा याचं माप तिच्यात आहे. १९८० च्या दशकात टचस्क्रीन होते, पण ते मोठ्या बटणांपुरते, संग्रहालयात वगैरे. बोट जाड, लक्ष्य बारीक, त्यामुळे टचस्क्रीनवर अचूक काम होणार नाही, असं सर्वसाधारण मत होतं. मेरीलँडच्या गटाने विचारलं की दोष बोटाचा आहे की बोटाकडून आपण जे मागतो त्याचा? तेव्हाच्या पडद्यांवर बोट टेकलं की निवड झाली, असा हिशेब असायचा. त्यांनी तीन पद्धती समोरासमोर ठेवल्या. पहिलीत बोट जिथे टेकेल तेच निवडलं जाणार. दुसरीत बोट सरकत सरकत ज्या लक्ष्याला पहिल्यांदा लागेल ते. तिसरीत बोटाच्या जरा वर एक खूण दिसत राहणार, बोट हवं तितकं सरकवा, आणि उचलाल त्या क्षणी निवड होणार. पडद्यावर अमेरिकेतल्या राज्यांची दोन अक्षरी टपाली नावं दाटीवाटीने मांडली आणि सांगितलेलं नाव लोकांना निवडायला लावलं. तिसऱ्या पद्धतीत चुका स्पष्टपणे कमी झाल्या. दुसरी पद्धत मात्र वेगात तिच्या पुढे होती. १९८८ च्या 'काय' परिषदेत हा निबंध आला. पुढे अँड्रयू सियर्स या विद्यार्थ्याबरोबर श्नायडरमन यांनी हीच वाट इतकी पुढे नेली की बोटाच्या अचूकतेची तुलना थेट माउसशी करता आली.

आज तुमच्या फोनच्या कीबोर्डवर बोट शेजारच्या अक्षरावर पडलं, तर ते न उचलता हव्या त्या अक्षरावर सरकवा आणि मग उचला. बहुतेक फोनांवर दुसरं अक्षर उमटेल. 'मानवी जीवन सुकर करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर' अशा थाटाच्या विषयांच्या तुलनेत 'निवड बोट टेकताना व्हावी की उचलताना' हा प्रश्न केवढासा! पण त्याचं उत्तर मिळू शकतं. पहिल्याला उत्तरच नाही, कारण तो प्रश्न नाही.

ट्रीमॅप या चित्रपद्धतीची जन्मकथाही अशीच घरगुती आहे. १९९० च्या सुमारास प्रयोगशाळेत चौदा जणांत मिळून ८० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क होती आणि ती सारखी भरायची. जागा नेमकी कुणी खाल्ली, हे फोल्डरमागून फोल्डर उघडत शोधायचं म्हणजे वैताग. श्नायडरमन यांना असं चित्र हवं होतं की अख्खी डिस्क एका आयतात मावेल आणि प्रत्येक फाइलला तिच्या आकाराच्या प्रमाणात जागा मिळेल. आयताचे आधी उभे काप, त्या कापांचे आडवे, त्यांचे पुन्हा उभे, असं करत गेलं की फोल्डराच्या पोटातला फोल्डरही दिसतो आणि जागा खाणारा लबाडही सापडतो. ब्रायन जॉन्सन या विद्यार्थ्याने त्यावर पीएच.डी. केली. शेअर बाजाराच्या अ‍ॅपमध्ये हिरव्या-तांबड्या चौकोनांचा जो नकाशा दिसतो, मोठ्या कंपनीचा चौकोन मोठा, तो याच घराण्यातला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. घरं आणि चित्रपट शोधताना पट्ट्या सरकवल्या की पडद्यावरचे ठिपके तत्क्षणी कमी-जास्त व्हावेत, या कामातून स्वीडनहून आलेल्या क्रिस्टोफर आल्बर्ग या विद्यार्थ्याची 'स्पॉटफायर' ही कंपनी उभी राहिली. आधी समग्र दृश्य, मग गाळणी, आणि तपशील मागितल्यावरच, हे त्यांचं १९९६ चं सूत्र माहितीचित्रण शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. मानसन्मानही यथावकाश आले. २०१० साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडले गेले.

एका वादावर मात्र थांबायला हवं, कारण आज अर्ज करणाऱ्याची त्याच्यापासून सुटका नाही. १९९७ साली एमआयटीच्या पॅटी माएस आणि श्नायडरमन यांची जाहीर चर्चा झाली. माएस यांचं म्हणणं, माहितीचा पसारा इतका वाढतो आहे की माणसाच्या वतीने काम करणारे सॉफ्टवेअरचे मदतनीस लागणारच. श्नायडरमन यांचं म्हणणं, सूत्रं माणसाच्याच हाती हवीत. यंत्राने काय केलं ते दिसलं पाहिजे आणि जबाबदारी कुणाची हे कळलं पाहिजे. २०२२ साली आलेल्या 'ह्यूमन-सेंटर्ड एआय'मध्ये त्यांनी ही भूमिका पुढे नेली. स्वयंचलन वाढलं की माणसाचा ताबा कमी होणार, असं एकाच पट्टीवर का मोजता, असं ते विचारतात. दोन्ही एकाच वेळी जास्त असू शकतात. आजच्या कॅमेऱ्यात उजेडाचं गणित यंत्र करतं, चौकट आणि क्षण आपण निवडतो. मला त्यांची बाजू पूर्ण पटते असं नाही. ज्याला वाचता येत नाही किंवा स्क्रीन दिसत नाही, त्याला 'सूत्रं तुमच्या हाती' म्हणणं कधीकधी त्याच्यावरच काम ढकलणं असतं. पण एआयवर संशोधन करायचं म्हणणाऱ्याला हा वादच ठाऊक नसेल, तर मुलाखत लवकर संपते.

आता प्रवेशाकडे.

पहिला घोळ होतो तो एचसीआय नेमका कोणत्या विभागात शिकवला जातो, याचा. कार्नेगी मेलनमध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्थाच आहे आणि तिची स्वतःची पीएच.डी. आहे. मेरीलँडची प्रयोगशाळा संगणकशास्त्र आणि माहितीशास्त्र अशा दोन घरांत नांदते. मिशिगनमध्ये हा विषय प्रामुख्याने माहितीशास्त्राच्या विद्याशाखेत भेटतो. आयआयटी मुंबईत तो मुख्यतः आयडीसी या डिझाइनच्या शाळेत आहे, आयआयटी गुवाहाटीत डिझाइन विभागात. त्यामुळे एकाच प्राध्यापकाकडे काम करायचं असलं, तरी अर्ज कोणत्या दारातून करता यावर अटी बदलतात. संगणकशास्त्राचं दार गणित आणि प्रोग्रॅमिंगची पार्श्वभूमी तपासेल, डिझाइनचं दार कामाचे नमुने मागेल, माहितीशास्त्राच्या दाराला मानसशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा पदवीधर खुपत नाही. मास कम्युनिकेशन किंवा भाषाशास्त्र शिकलेली मुलं 'आम्हाला कोण घेणार' म्हणून मागे राहतात. त्यांनी दार नीट निवडावं, इतकंच.

अमेरिकेत पीएच.डी.ला मास्टर्स बहुधा आवश्यक नसतं. चार वर्षांची पदवी लागते, आणि आपली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.ए. अनेक विद्यापीठं तिच्या बरोबरीची धरत नाहीत. ही अट अर्जाचे पैसे भरण्याआधी पाहावी. किमान गुण मेरीलँडसारख्या ठिकाणी चारपैकी तीन असे सांगितलेले असतात. पण ती खालची मर्यादा आहे. तीनच्या वर आहात म्हणून कुणी आत घेत नाही. जीआरई कित्येक विभागांनी सोडून दिली आहे, काहींनी ऐच्छिक ठेवली आहे. इंग्रजीची परीक्षा परदेशी विद्यार्थ्याला साधारणतः द्यावी लागते. त्यापुढे उरतात दोन गोष्टी : उद्देशपत्र, म्हणजे ज्याला सगळे एसओपी म्हणतात ते, आणि बहुधा तीन शिफारसपत्रं. खरा निकाल इथे लागतो. निवड झाली तर फी माफ होऊन शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मानधन मिळतं. म्हणजे प्राध्यापक एका अर्थी पाच-सहा वर्षांसाठी सहकारी नेमत असतो. गुणपत्रिका पाहून असा सहकारी कोण नेमेल?

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली लागू आहे. मास्टर्सला किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के. राखीव गटांना व दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही जुनी सक्ती आता नाही. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. हा शेवटचा आकडा मुलं पाहत नाहीत आणि पाहायला हवा तो हाच. मार्गदर्शकाकडे जागाच नसेल, तर तुमचे ७५ टक्के घेऊन तो काय करणार? आयआयटी आपापले नियम करतात. तिथे गेट, डिझाइनसाठी सीईईडी किंवा नेट, यांपैकी काय चालतं ते त्या त्या विभागाच्या पत्रकात असतं, आणि लेखी चाचणी-मुलाखतही बहुधा असते. पैशाचं म्हणाल तर जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे आणि पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती ७०,००० पासून सुरू होते. नोकरीच्या पगाराशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नये, पण घरी हे आकडे आधीच सांगून ठेवावेत.

आता मुलाखतीची खोली. एक उमेदवार आला होता. गुण उत्तम, गेटचा स्कोअर चांगला, विषय 'शेतकऱ्यांसाठी एआय आधारित अ‍ॅप'. शेतकरी सध्या फोनवर काय करतात, असं विचारलं. सर, त्यांना तंत्रज्ञानाची जाण कमी असते, असं उत्तर आलं. शेवटचं कुणाला फोन वापरताना पाहिलंत? यावर तो गप्प.

त्याच दिवशी दुपारी एक मुलगी आली. टक्के काठावरचे. ती म्हणाली, मला रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर काम करायचंय. का? तर ती आजीबरोबर दुकानात जायची. आजीचा अंगठा लागायचा नाही. आजी बोट पदराला पुसायची, पुन्हा ठेवायची. मग दुकानदार आजीचं बोट धरून स्वतः दाबायचा. 'सर, मशीनचा पडदा दुकानदाराकडे असतो. काय चुकलं ते त्याला दिसतं, आजीला नाही. तो म्हणतो, लागत नाय आजी, उद्या या. बोट सुकलंय म्हणून लागत नाही, की नेटवर्क गेलंय, हे तिला कधी कळतच नाही. पडदा दोघांना दिसला तर आजी दुसरं बोट लावून बघेल का, हे मला बघायचंय.' हे मोजायचं कसं, असं विचारल्यावर ती अडखळली. पण ते शिकवता येतं. पडदा कुणाकडे तोंड करून आहे हे पाहायला शिकवणं त्याहून फार अवघड. तिला आम्ही घेतलं.

असे प्रश्न मराठीच्या अंगणातही भरपूर आहेत. आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने केलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड अनेकांनी वापरला असेल. जोशी स्वतः आधी इंजिनिअर, मग आयडीसीतून डिझाइन शिकलेले, आणि त्यांची पीएच.डी. संगणकशास्त्रातली; म्हणजे विभागांच्या भिंतींचा मघाचा मुद्दा इथेही आहेच. देवनागरीची अडचण अशी की व्यंजनं आणि त्यांवरच्या मात्रा, जोडाक्षरं यांचा पसारा फोनच्या चिमुकल्या पडद्यावर मांडायचा कसा? स्वरचक्रात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली दिसतात. 'क'वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं आणि त्यात का, कि, की, कु, कू तयार दिसतात. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलायचं. पाय मोडलेला 'क्' निवडला, तर कीबोर्डवरच्या कळा क्य, क्र, क्ल अशी जोडाक्षरं दाखवू लागतात. बाराखडी येते त्याला वेगळं काही पाठ करावं लागत नाही. टेकवणं, सरकवणं, उचलणं. १९८८ च्या त्या निबंधातल्या हालचाली इथे मात्रा निवडायच्या कामी येतात. आणि यापुढची पायरी अधिक महत्त्वाची : मराठी लिहिताना फोनने पुढचा शब्द सुचवला तर खरोखर फायदा होतो का, हा प्रश्न घेऊन इथल्या संशोधकांनी लोकांना दीर्घकाळ लिहायला लावून तपासलं आणि २०१६ साली ते काम आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलं. सूचना म्हणजे सोयच, असं गृहीत धरून कुणीही पुढे गेला असता. फ्लोचार्टबद्दलही सगळे तसंच गृहीत धरून होते.

या पुस्तकाच्या पहिल्या भागात अशीच काही संशोधनं सुरुवातीच्या प्रश्नापासून उलगडली आहेत. प्रयोग कसा आखायचा, किती माणसं बोलवायची, मोजायचं काय आणि नुसतं पाहायचं काय, हे त्यांच्या ओघात येतं. दुसऱ्या भागात अर्जाची कागदपत्रं आहेत. तिथे मी नमुन्याचं उद्देशपत्र मुद्दाम दिलेलं नाही. दिलं की ते उतरवलं जातं, आणि लहानपणापासून संगणकाची आवड असल्याच्या वाक्याने सुरू होणारी पत्रं आधीच पुष्कळ फिरताहेत. त्याऐवजी पत्राची चार टप्प्यांतली घडण दाखवली आहे : काय पाहिलं, त्यावर इतरांनी काय केलं आहे, मला काय तपासायचं आहे, आणि हे तुमच्याच विभागात का. शेवटच्या टप्प्यासाठी त्या प्राध्यापकाचे अलीकडचे दोन-तीन निबंध खरोखर वाचावे लागतात. त्याला पाठवायची मेलही याच निबंधांतून निघते. आठ-दहा ओळी, त्यांच्या एखाद्या निष्कर्षाबद्दल एक नेमकी शंका, आपण केलेलं काम, आणि येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का ही विचारणा. सोबत गुणपत्रिका जोडू नये. श्नायडरमन आता सन्माननीय निवृत्त प्राध्यापक आहेत, तेव्हा ही मेल त्यांना पाठवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक बऱ्याच ठिकाणी शिकवतात, आणि एखाद्याच्या जुन्या निबंधांचे सहलेखक पाहत गेलं की ती साखळी सहज सापडते.

अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरात संपते आणि मिळालेल्या जागेचा होकार-नकार साधारण १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. याचा अर्थ शिफारसपत्रांसाठी सरांना सप्टेंबरातच भेटायला हवं, आणि जाताना आपल्या प्रकल्पाचं एक पान सोबत न्यावं. ऐन दिवाळीच्या सुट्टीत फोन करून 'सर, तुम्ही फक्त सही करा, पत्र मी लिहून आणलंय' म्हटलं, की सर सही करतात. आणि ते पत्र कुणी लिहिलं आहे, हे पलीकडच्याला दुसऱ्या ओळीत कळतं.